गादीचं कापड, हवेची स्प्रिंग आणि आमच्या घरातला सबवूफर

इअरफोन लावलेत ना? नसतील तर लावा. कारण आज ज्या आवाजाबद्दल बोलायचंय, तो तुमच्या फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. २० ते ८० हर्ट्झ. हा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. ढोलाचा ठोका, ढगांचा गडगडाट, सिनेमातला स्फोट, सगळं याच पट्ट्यात.

या भागाचं कारण घरगुती आहे. माझे आण्णा इचलकरंजीत यंत्रमागावर ३१ वर्षं राबले. ज्यांनी मागाचा शेड आतून बघितलाय त्यांना सांगायला नको. दोन माणसं शेजारी उभी राहून बोलली तरी ओठ बघून समजून घ्यायचं. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान जातो, आणि तो एका विशिष्ट क्रमाने जातो. आधी जातात ४,००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज. म्हणजे बोलण्यातले स, श, फ, त. खालचे जाड आवाज बरेच दिवस शाबूत राहतात. त्यामुळे आण्णांना टीव्ही ‘ऐकू येतो’, पण ‘कळत’ नाही. हळूहळू त्यांनी सिनेमा बघणंच सोडलं. सगळे हसले की तेही हसायचे, अर्धा सेकंद उशिरा. ते अर्धा सेकंद मला फार लागायचं.

म्हटलं, जे ऐकू येतंय ते तरी भरपूर देऊ. सबवूफर बनवू. बजेट ४,००० रुपये.

आता इथून गोष्ट इचलकरंजी सोडून अमेरिकेत जाते, कारण माझ्या खोक्यात जे काही आहे ते सगळं कुणीतरी आधी भोगून ठेवलेलं आहे.

आज आपण जो स्पीकर ओळखतो, कागदाचा शंकू आणि मागे तारेची गुंडाळी, तो १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनियरांनी मांडला. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. पण खालचा आवाज काढायचा तर एक अडचण. सूर एक सप्तक खाली न्यायचा आणि आवाज तेवढाच मोठा ठेवायचा, तर चौपट हवा ढकलावी लागते. ८० हर्ट्झवरून ४० वर आलात, चौपट. ४० वरून २० वर, आणखी चौपट, म्हणजे एकूण सोळापट. वरचे आवाज फुकटात मिळतात, खालच्यांना पैसे पडतात, असं समजा. शिवाय ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. आमचा हॉल तेवढा लांब नाही.

त्यामुळे १९४०च्या दशकात चांगला बेस म्हणजे कपाटाएवढं खोकं. पॉल क्लिप्श यांचा प्रसिद्ध स्पीकर तर खोलीचा कोपराच व्यापायचा आणि त्या भिंतींनाच भोंग्याचा भाग बनवायचा. श्रीमंतांचं काम.

मग येतो आजचा माझा आवडता माणूस. एडगर विल्चर. शिक्षणाने कलेच्या इतिहासाचा पदव्युत्तर. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या देखभालीचं काम, नंतर न्यूयॉर्कमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि विद्यापीठात ध्वनीवर एक वर्ग. या माणसाने प्रश्न उलटा धरला. शंकू पुढे ढकलला की त्याला परत जागेवर आणणारी स्प्रिंग लागते. तेव्हा ती स्प्रिंग म्हणजे शंकूच्या कडेचा ताठ कागद किंवा कापड. आणि कापडाची स्प्रिंग बेभरवशाची. थोडी ताणली तर एक वागते, जास्त ताणली तर दुसरं. तिथेच आवाज फाटतो. विल्चर म्हणाले, ही स्प्रिंग काढूनच टाका. शंकू एकदम सैल सोडा, आणि खोकं पूर्ण हवाबंद करा. आत कोंडलेली हवाच स्प्रिंग होईल. सायकलचा पंप पुढून बोटाने दाबून धरा आणि दांडा ढकला, लगेच कळेल. हवा ही फार इमानदार स्प्रिंग आहे.

पण शंकूची कडा सैल करायची कशाने? इथे त्यांच्या बायकोचं नाव यायलाच हवं. रोझमेरी विल्चर. युद्धाच्या काळात त्या नकाशे आणि आराखडे काढायचं काम करत. तयार स्पीकरची ताठ कडा कापून टाकली, आणि रोझमेरींनी गादीच्या खोळीच्या कापडाचा नमुना आखून नवी सैल कडा करून दिली. गादीचं कापड! ऑडिओच्या इतिहासातला एक मोठा शोध शिवणकामाच्या टेबलावरून गेलाय. कापडाच्या गावात वाढलेल्या मला हे वाचून जो आनंद झाला, तो काय सांगू.

विल्चरनी आधी ही कल्पना कंपन्यांना विकायचा प्रयत्न केला. कुणी घेतली नाही. शेवटी त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस, ज्याच्याकडे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये जागा होती, त्याच्यासोबत १९५४ मध्ये ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. पहिला स्पीकर एआर-१, किंमत १८५ डॉलर. स्वस्त नव्हता. पण कपाटाएवढ्या खोक्यांना तो टेबलावर बसून टक्कर देत होता. पुढे त्यांच्या पेटंटला कोर्टात आव्हान मिळालं, आरसीएच्या हॅरी ओल्सन यांचं आधीचं पेटंट निघालं, आणि विल्चरचं रद्द ठरलं. त्यांनी अपील केलं नाही. ज्याला बनवायचाय त्याने बनवावा. म्हणून मीही बनवू शकलो.

बरं, यात फसवणूक कुठे आहे? ती क्लॉसच्याच पुढच्या कंपनीतल्या भागीदाराने सांगून ठेवली. जोसेफ अँटन हॉफमन. त्याला लोक ‘हॉफमनचा लोहनियम’ म्हणतात. छोटं खोकं, खोल बेस, आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज. तीनपैकी दोन निवडा. तिसरं मिळणार नाही. बाजारात हातभर खोक्यावर मोठ्ठा वॅटचा आकडा छापलेला दिसला की मला हॉफमन आठवतात.

आणि हे सगळं माहीत असूनही मी माती खाल्लीच.

सेकंडहँड दहा इंची ड्रायव्हर १,३०० ला घेतला. अँप्लिफायरचा तयार बोर्ड ७५०, त्याचा पॉवर सप्लाय ६००. सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचे उरलेले तुकडे ९०० ला. स्क्रू, फेव्हिकॉल, वायर मिळून ३००. झाले ३,८५०. प्लाय कमी होता म्हणून खोकं केलं २० लिटरचं. जोडलं, ‘सैराट’ लावला, आणि ‘झिंगाट’ सुरू झाल्यावर घर नुसतं घुमायला लागलं. ठोका संपला तरी आवाज संपेना. सगळे ठोके एकाच सुरात. पत्र्याच्या पिंपात बसून गाणं ऐकल्यासारखं.

चूक काय झाली हे कळायला मला ऑस्ट्रेलियात जावं लागलं. म्हणजे मनाने. १९६१ मध्ये नेव्हिल थील नावाच्या इंजिनियरने तिथल्या एका जर्नलमध्ये निबंध लिहिला की स्पीकर आणि खोकं मिळून एक फिल्टर आहे, आणि त्याचं वागणं आधीच गणिताने सांगता येतं. बाहेरच्या जगात जवळजवळ कुणी वाचला नाही. मग रिचर्ड स्मॉल हा अमेरिकन सिडनी विद्यापीठात संशोधन करायला आला. त्याने हे काम पुढे नेलं, १९७१ मध्ये थीलचा निबंध अमेरिकेत पुन्हा छापला गेला, पाठोपाठ स्मॉलचेही आले, आणि जगभर खोकी बनवायची पद्धत बदलली. तोपर्यंत काय होतं? कापा, ऐका, फेका, पुन्हा कापा. म्हणजे माझंच.

गंमत अशी की हे आकडे मोजायला आज फोन पुरतो. सूर काढणारं एखादं फुकट ॲप, एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर. ड्रायव्हर मोकळा ठेवून सूर हळूहळू वर न्यायचा. ज्या सुराला त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज सगळ्यात जास्त चढतं, तो त्याचा स्वतःचा सूर. माझा आला ३२ हर्ट्झ. बाकीची मोजमापं करून कळलं की त्याची कडा ६० लिटर हवेइतकी ताठ आहे, आणि त्याचा क्यू, म्हणजे तो किती घुमतो त्याचा आकडा, ०.५ आहे.

आता हिशोब बघा, अवघड नाही. ६० भागिले खोक्याचे लिटर, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा. २० लिटरला ते येतं २. म्हणजे ३२ चा सूर झाला ६४, आणि क्यू झाला १. म्हणजे ६४ च्या खाली बेस गायब, आणि ६४ च्या आसपास फुगवटा. तेच ते पिंप! ६० लिटरला वर्गमूळ १.४१. सूर ४५ हर्ट्झ, क्यू ०.७. सरळ, साफ, फुगवटा नाही. आतून ३६ बाय ४० बाय ४२ सेंटिमीटर. पुन्हा प्लाय आणला, बजेट ४,७०० वर गेलं, आईने एक शब्द न बोलता डब्यातून पैसे काढून दिले. आत जुन्या उशीचा कापूस नाही, सिंथेटिक भरण घातलं. विल्चरही आत काचतंतू भरायचे. फटी फेव्हिकॉल आणि लाकडाच्या भुशाने बुजवल्या. शंकू हलकेच आत दाबून सोडला की तो सावकाश परत यायला हवा. झटकन आला तर कुठेतरी हवा गळतेय.

सिनेमाच्या बाजूची गोष्टही थोडक्यात सांगतो. १९७४ मध्ये युनिव्हर्सलने ‘अर्थक्वेक’ हा भूकंपाचा सिनेमा आणला, आणि थिएटरात भलेमोठे बेसचे भोंगे बसवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या. नाव दिलं सेन्सराउंड. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रिंटवर बेससाठी वेगळे ट्रॅक आले. ५.१ मधला तो ‘पॉइंट वन’ हे टॉमलिन्सन होल्मन यांनी १९८७ मध्ये सुचवलेलं नाव. बेसच्या चॅनेलला पूर्ण पट्टा लागत नाही, फक्त १२० हर्ट्झपर्यंत, म्हणून पूर्ण एक नाही, पॉइंट वन. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं, तिथून डीव्हीडीतून घरात.

तर दुसरं खोकं तयार झालं. कोपऱ्यात ठेवलं, कारण कोपऱ्यात बेस फुकटात वाढतो. पुन्हा ‘सैराट’. आण्णा चप्पल काढून बसले होते. पहिल्या ठोक्याला त्यांनी खाली पायाकडे बघितलं.

“आरं, फरशीतनं कळतंय की!”

मी खूश. आवाज अजून चढवला. दहा मिनिटांनी ते म्हणाले, “झ्याक हाय. पन त्ये बोलत्यात काय, आता काईच कळंना झालंय.”

मंडळी, हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. मोठा जाड आवाज त्याच्या वरच्या बारीक आवाजांना झाकतो. उलटं फार कमी होतं. आण्णांकडे स, श आधीच जेमतेम उरलेले, त्यावर मी ४,७०० रुपयांचं पांघरूण घातलं होतं.

आणि इथे परत विल्चर भेटले. १९६७ मध्ये कंपनी विकून हा माणूस कानाच्या मशिनकडे वळला. त्या काळची मशिनं सगळेच आवाज सारखे वाढवायची. बोलणं कळण्याइतकं वाढवलं की दार आपटल्याचा आवाज असह्य व्हायचा. विल्चरनी १९७३ मध्ये दाखवलं की आवाजाचे वेगवेगळे पट्टे करा. जो पट्टा त्या माणसाचा गेलाय तिथला हळू आवाज जास्त उचला, मोठा कमी उचला. आजची बरीच श्रवणयंत्रं याच वाटेने चालतात. पेटंट? यावेळी घेतलंच नाही. ते २०११ मध्ये ९४व्या वर्षी गेले.

आण्णांना मशिनबद्दल मी चार वर्षं सांगत होतो. “म्हातारं झालो म्हनून कानात बोळं घालू व्हय?” हे ठरलेलं उत्तर. त्या रात्री मी त्यांना विल्चरची गोष्ट सांगितली, गादीच्या कापडासकट. ओरडून सांगावी लागली, शेजाऱ्यांनाही कळली असेल. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला, “कापड कुठलं, सुती का?” मला माहीत नव्हतं.

पुढच्या सोमवारी आम्ही कोल्हापूरला कान तपासायला गेलो. कागदावरची रेघ डावीकडे बरी, मग ४,००० ला विहिरीत पडल्यासारखी. मशीन यायला अजून दोन आठवडे आहेत. तोवर सबवूफरच्या बटणावर खडूने दोन खुणा केल्यात. वरची गाण्यांसाठी, खालची बोलपटासाठी. रात्री दहानंतर दोन्ही बंद, कारण भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची भांडी वाजतात. काल संध्याकाळी बघितलं तर आण्णांनी स्वतःच तिसरी खूण केली होती, मधे कुठेतरी, आणि ती कशासाठी ते सांगायला तयार नाहीत.