हजेरी आणि वसती : गिरणगावापासून ‘घरून कामा’पर्यंत

प्रस्तावना

माणूस कामाच्या जवळ राहतो, हे नागरी इतिहासात बहुधा गृहीत धरले जाते. मुंबईचा इतिहास पाहता हे विधान अपुरे वाटते. कामाच्या ठिकाणाइतकीच तेथील हजेरीची अट महत्त्वाची असते. हजेरी जितकी निश्चित, तितके कामापासून दूर राहणे शक्य होते. ती जितकी अनिश्चित, तितके जवळ राहणे भाग पडते. प्रस्तुत लेखात या सूत्राच्या आधारे गिरणगावाचा व २०२० नंतरच्या ‘घरून काम’ या व्यवस्थेचा विचार केला आहे.

बदली कामगार आणि गिरणीचा दरवाजा

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील काळात गिरण्या वाढल्या आणि परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत कामगारांची दाट वसती झाली. गिरणीतील सर्वच कामगार कायम नव्हते. गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळावे म्हणून बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या दरवाजापाशी उभे राहावे लागे. कोणाला आत घ्यायचे हे दीर्घकाळ जॉबरच्या हाती होते. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. तीतही रोज सकाळी उपस्थित राहण्याचे बंधन होतेच. काम मिळेल की नाही हे त्या दिवशीच कळत असल्यामुळे लांबून येण्याचा खर्च बदली कामगाराला परवडणारा नव्हता. नोकरी, उधारी व निवारा या तिन्हींसाठी जॉबरची व गाववाल्यांची ओळख लागे आणि ती ओळख मोहल्ल्यातच टिके. राजनारायण चंदावरकर यांच्या संशोधनातून कामगारवस्ती व रोजगार यांचा हा संबंध स्पष्ट झाला आहे.

या दृष्टीने बी. डी. डी. चाळींचा अनुभव बोलका आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने ५० हजार गाळ्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळींत सुमारे १६ हजार गाळे उभे राहिले. यांपैकी वरळीच्या चाळींतील अनेक गाळे आरंभीची काही वर्षे रिकामे होते. भाडे व सोयींचा अभाव ही कारणे होतीच. पण गिरण्यांपासूनचे अंतर हेही महत्त्वाचे कारण होते. शहरात निवाऱ्याची तीव्र टंचाई असताना पक्के गाळे ओस पडावेत, ही वरवर विसंगत वाटणारी गोष्ट हजेरीच्या सूत्राने उलगडते.

कारकुनाचे उपनगर

याच काळात फोर्टमधील कचेऱ्यांतील कारकूनवर्ग मात्र शहराबाहेर सरकत होता. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ पासून धावत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. कारकुनालाही रोज हजर राहावे लागे. परंतु त्याची वेळ ठरलेली, पगार मासिक आणि नोकरी बहुधा कायम होती. म्हणून त्याला महिन्याचा पास काढून विलेपार्ले, ठाणे किंवा पुढे डोंबिवली येथे बिऱ्हाड थाटता आले. गाडी दोघांसाठीही होती. हजेरीची शाश्वती मात्र एकालाच होती.

गावचे घर

बदली कामगाराच्या अनिश्चिततेचा भार कोणी उचलला? रत्नागिरी जिल्ह्यातून व घाटावरून आलेल्या असंख्य कामगारांची कुटुंबे गावीच राहिली. स्त्रिया शेती, वृद्ध व मुले सांभाळत. मुंबईत पुरुष खानावळीत जेवून एका खोलीत अनेकजण राहत. आजारपणात, बेकारीत व म्हातारपणी गावचे घर आधार देई. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा अनेकांनी गावचीच वाट धरली. गावच्या घराने जे पोसले, त्याचा मोबदला गिरण्यांनी कधीच दिला नाही.

२०२० नंतर

मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे संगणक क्षेत्रातील हजेरी एकाएकी स्थगित झाली व अनेक कर्मचारी पुण्या-मुंबईतील भाड्याच्या जागा सोडून मूळ गावी परतले. एप्रिल २०२० मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असावेत, अशी कल्पना मांडली. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने नियम शिथिल केले. पुढे याच कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलाविले. तीन-साडेतीन वर्षांत धोरण असे फिरले. परंतु घर, मुलांची शाळा व कर्जाचे हप्ते यांचे निर्णय इतक्या लवकर फिरविता येत नाहीत.

समारोप

गिरणीकामगार आणि संगणक अभियंता यांच्या वेतनात व प्रतिष्ठेत मोठे अंतर आहे, हे मान्यच करावे लागेल. तथापि एक साम्य दुर्लक्षिता येत नाही. हजेरीचा नियम ठरविण्याचा अधिकार मालकाकडे आणि त्यातील अनिश्चिततेचा खर्च कुटुंबाकडे, ही वाटणी दोन्ही काळांत आढळते. घरून काम असावे की कार्यालयात, एवढ्यापुरतीच ही चर्चा सीमित ठेवल्यास मूळ प्रश्न निसटतो. हजेरीचा नियम किती काळ टिकेल याची हमी आणि तो बदलल्यास होणाऱ्या खर्चाची जबाबदारी, हे विषय सेवाशर्तींत यावयास हवेत. गिरणगावात ते कधी आले नाहीत. त्याची किंमत गावच्या घरांनी मोजली.