ट्रान्सफर बोर्ड

स्वतःच्या पायांवर उभे राहता न येणाऱ्या रुग्णाला न उचलता पलंगावरून व्हीलचेअरवर, स्ट्रेचरवर किंवा मोटारीच्या सीटवर सरकवण्याची गुळगुळीत फळी. बसून सरकायची फळी हातभर लांब, ६० ते ७५ सेंमी.; आडव्या रुग्णासाठीची माणसाच्या उंचीएवढी. पहिली पॅराप्लेजियाचे (कमरेखाली लुळे पडलेले) रुग्ण सरावाने एकट्याने वापरतात, दुसरीला माणसे लागतातच.

पद्धत : खुर्ची पलंगाला थोडी तिरकी लावून दोन्ही ब्रेक लावतात, पायटा बाजूला करतात, खुर्चीचा पलंगाकडचा हात (आर्मरेस्ट) काढतात. रुग्णाला एका कुशीवर झुकवून फळीचे टोक मांडीखाली सरकवतात. मग तळहातांवर भार देत तो थोडाथोडा सरकतो. डोके पुढे आणि सरकायच्या दिशेच्या उलट झुकवले की कंबर आपोआप हलकी होते. बोटे फळीच्या कडेखाली अडकवायची नाहीत. उघडी त्वचा फळीवर घासली तर बेडसोरला निमंत्रण. नागपूरच्या मे महिन्यात घामेजलेली मांडी प्लास्टिकला चिकटते, तेव्हा सुती पायजमा हवाच. अस्थिर मणक्याच्या रुग्णाला बसवून सरकवणे निषिद्ध आहे, आणि नितंबावर जखम असेल तर फळी नकोच.

नागपुरात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या दोन्ही शाखांचे शिक्षण ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळते. तरी वॉर्डांत फळीऐवजी राज्य चादरीचेच : चार टोकांना चार नातेवाईक आणि ‘एक, दोन, तीन’. अमेरिकेतील ‘निऑश’ या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार रुग्ण हलवताना एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोंहून अधिक भार येऊ नये. म्हणजे साठ किलोंच्या माणसाला चौघे जेमतेम पुरतात. तीच चादर लांब फळीवरून ओढली तर उचलावे लागत नाही, नुसते ओढावे लागते.

घरची अडचण फळीची नसते. १८ मिमी. प्लायची फळी कोणताही सुतार कडा निमुळत्या करून, पॉलिश मारून देतो. अडते ते तिच्या दोन टोकांना. वैदर्भीय घरातली बाज मध्ये झोळीसारखी खचते, तिच्यावर फळी टेकतच नाही. लाकडी दिवाण बरा, फक्त त्याची उंची खुर्चीला जुळायला हवी. दुसऱ्या टोकाला खुर्ची. साध्या घडीच्या व्हीलचेअरचे हात बहुधा जोडलेलेच असतात, आणि जोडलेल्या हातावरून फळी जाणार कशी? म्हणून घरचे लोक पुन्हा रुग्णाच्या काखेत हात घालतात, त्याने खांदा निखळू शकतो. अर्धांगाच्या रुग्णाचा तर सहज दुखावतो. खुर्ची घेताना चाके सगळे फिरवून पाहतात, हात निघतो का हे क्वचितच कोणी पाहते.