अ‍ॅक्रनमधला फोन

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेतल्या दारूबंदीपाशी थांबलो होतो. १९३३च्या डिसेंबरात ती उठली. कायदा गेला, दारू राहिली, आणि दारूतून सुटू न शकणारी माणसंही राहिली. त्यांचं काय झालं, ते आज बघू.

‘माय नेम इज बिल डब्ल्यू.’ हा १९८९ सालचा टीव्हीसाठी केलेला चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. जेम्स वुड्स त्यात बिल विल्सन झालाय, जेम्स गार्नर डॉक्टर बॉब स्मिथ. वुड्सला त्यासाठी एमी मिळालं. चित्रपट चांगलाच आहे. पण अशी गोष्ट पाहताना आपल्याला सहज वाटतं, की सुटलेल्या माणसानं बुडत्याला हात दिला. घडलं ते जरा उलटं होतं.

बिल वॉल स्ट्रीटवरचा माणूस. कंपन्यांची आतली माहिती काढायची आणि शेअर घेणाऱ्यांना सल्ला द्यायचा, हा धंदा. दारूनं तो पार बसला. न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९३४च्या नोव्हेंबरात जुना पिणारा दोस्त एबी थॅचर घरी आला आणि चक्क ‘नको’ म्हणाला! ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत जाऊन त्यानं सोडली होती. डिसेंबरात बिल शेवटचा दवाखान्यात गेला आणि त्यानंतर प्यायला नाही.

मग दिसेल त्या दारुड्याला तो उपदेश करत सुटला. पाच महिन्यांत एकाचीही सुटली नाही. बायको लोइस म्हणाली, तू तर प्यायला नाहीस ना? आणि डॉक्टर सिल्कवर्थनी सांगितलं, उपदेश बंद कर, आधी त्यांना हा आजार कसा आहे ते सांग. या दोन वाक्यांत पुढचं सगळं आहे, असं आम्हाला वाटतं.

१९३५चा मे महिना. ओहायोतलं अ‍ॅक्रन, म्हणजे टायरचं गाव. एका कंपनीचा ताबा मिळवायच्या भांडणात बिल हरला होता. शनिवार, मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी, खिशात थोडेसेच डॉलर. एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला फोन आणि चर्चची यादी. त्यानं फोन उचलला. एका पाद्र्याकडून नावं मिळाली आणि तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्याला मदतनीस नको होता. बोलायला एक दारुडा हवा होता, स्वतःची वाचावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाचला, बाईंनी डॉक्टर बॉबना बोलावलं. सर्जन माणूस, हात थरथरणारा. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं बजावूनच आले, आणि रात्री अकरानंतर उठले. उपदेश बॉबनी पुष्कळ ऐकले होते. हा गृहस्थ स्वतःचंच सांगत होता.

लगेच सुटली असं नाही हं. बॉब डॉक्टरांच्या अधिवेशनाला अटलांटिक सिटीला गेले आणि झिंगून परतले. पुढं शस्त्रक्रिया होती. हात स्थिर राहावा म्हणून बिलनंच त्यांना बिअरची बाटली दिली. ती शेवटची. तो दिवस १० जून १९३५ धरतात आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापनादिन. अधिवेशनाच्या तारखा लावल्या तर दिवस आठवडाभर पुढं जातो, असं काही अभ्यासक म्हणतात. ते असो.

१९३९ला पुस्तक आलं. १९४१ला ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख छापून आला आणि वर्षभरात सभासद दोन हजारांवरून आठ हजारांपर्यंत गेले. आज पुण्यामुंबईत मराठीत मीटिंगा भरतात. तिथंही पहिलं नाव सांगायचं, आडनाव नाही. आणि बोलायचं ते स्वतःबद्दल.

राहिला एबी. ज्याच्या ‘नको’पासून हे सुरू झालं, तो पुन्हा प्यायला लागला; सोडायचा, पुन्हा प्यायचा, असं कितीतरी वर्षं. बिल मात्र त्याला शेवटपर्यंत आपला स्पॉन्सरच म्हणत राहिला आणि त्याच्या खर्चाचीही तजवीज करत राहिला. १९६६ साली एबी गेला. शेवटची दोनेक वर्षं तो प्यायला नव्हता.