शर्यतीचा जुना खेळ व नवा संगणक : संहिता आणि प्रयोग यांच्या जतनाचा प्रश्न

ऐतिहासिक साधनांच्या जतनाचा विचार करताना एक भेद सहसा दुर्लक्षित राहतो. ताम्रपट, नाणे किंवा शस्त्र सुरक्षित ठेवले म्हणजे ते बव्हंशी टिकते. नाटक, गायन किंवा खेळ यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची सर्व सामग्री शिल्लक राहूनही ती नाहीशी होऊ शकतात. कारण त्यांचे अस्तित्व वस्तूत नसून घडण्यात आहे. सातारा व सांगली या शेजारच्या दोन नगरांच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन बाजू स्पष्ट दिसतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस तोच प्रश्न एका अनपेक्षित क्षेत्रात, नाणे टाकून खेळावयाच्या मोटारशर्यतीच्या खेळांत, पुन्हा उपस्थित झाला. असा जुना खेळ आजच्या संगणकावर चालविणे हा वरवर पाहता करमणुकीचा विषय वाटतो. वस्तुतः मूळ साधन, त्याची प्रत आणि त्याचा प्रयोग यांचे परस्परांशी नाते काय, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी ‘आउट रन’ हा खेळ घेणे सोयीचे आहे. जपानमधील सेगा या कंपनीने तो १९८६ साली बाजारात आणला. त्याचा रचनाकार यू सुझुकी होय. खेळणाऱ्याने चाक, गतिवर्धक, ब्रेक आणि दोन गतींचा दांडा यांच्या साहाय्याने पडद्यावरील लाल मोटार ठराविक वेळात पुढील टप्प्यापर्यंत न्यावयाची असते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला दोन फाटे फुटतात. त्यामुळे एकंदर पंधरा टप्प्यांपैकी एका खेळीत पाचच टप्पे पार होतात आणि शेवट पाच निरनिराळ्या ठिकाणी होऊ शकतो. या खेळाचे यंत्र सर्वसाधारण संगणक नव्हते. मोटोरोला ६८००० जातीचे दोन प्रोसेसर, ध्वनीसाठी झेड ८० हा तिसरा प्रोसेसर, यामाहाची संगीतचिप, रस्ता रेखाटण्यासाठी स्वतंत्र मंडल आणि चित्रे क्षणार्धात लहानमोठी करणारी खास योजना, अशी त्याची घडण होती. दूरचे झाड जवळ येताना मोठे होत जाते, हा वेगाचा आभास मुख्यतः या मंडलाच्या बळावर निर्माण होत असे.

आजचा कोणताही घरगुती संगणक या यंत्राहून कितीतरी पटींनी बलवान आहे. तथापि केवळ बलाने जुना खेळ चालत नाही. त्याची आज्ञावली ६८००० च्या भाषेत लिहिलेली असून ती आजच्या प्रोसेसरला समजत नाही. शिवाय त्या आज्ञा विशिष्ट मंडलांना उद्देशून दिलेल्या आहेत आणि ती मंडले आता समोर नाहीत. कालमानाची अडचण याहून सूक्ष्म आहे. जुन्या अनेक खेळांची गती यंत्राच्या स्वतःच्या गतीवर बेतलेली असे. त्यामुळे मूळ यंत्रापेक्षा वेगवान यंत्रावर ते जसेच्या तसे चालविल्यास खेळणाऱ्याच्या डोळ्याला व हाताला अवसरच मिळत नाही. म्हणजे नव्या यंत्राला मुद्दाम जुन्या यंत्राच्या चालीने चालावे लागते.

ही अडचण दूर करण्याचे दोन मार्ग रूढ झाले आहेत. पहिला मार्ग यंत्राच्या अनुकरणाचा होय. इटालियन प्रोग्रॅमर निकोला साल्मोरिया याने फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ या प्रकल्पाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यात मूळ आज्ञावलीला हात लावला जात नाही. जुने प्रोसेसर व मंडले नव्या संगणकात आज्ञांच्या रूपाने उभी केली जातात आणि मूळ आज्ञावली त्यांच्यावर चालते. दुसरा मार्ग पुनर्लेखनाचा. ‘कॅननबॉल’ या प्रकल्पात ‘आउट रन’ची आज्ञावली उलगडून ती नव्या भाषेत पुन्हा लिहिण्यात आली, चित्रे, ध्वनी व रस्त्यांची मांडणी मात्र मूळ चिपांतील माहितीतूनच घ्यावी लागते. या मार्गाने रुंद पडदा वापरता येतो, आणि मूळ खेळात सेकंदाला ३० वेळा बदलणारे दृश्य ६० वेळा बदलता येते.

या दोन मार्गांतील फरक मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहातून साताऱ्यास उभे राहिलेले ऐतिहासिक संग्रहालय १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आले. स्थळ बदलले तरी कागद तेच राहिले. परंतु मोडी कागदांपुढे दोनच वाटा असतात : मोडी वाचणारा तयार करावयाचा, किंवा कागद बाळबोधीत उतरवून घ्यावयाचा. पहिली वाट अनुकरणाची आहे. कागद तसाच राहतो आणि लुप्त होत चाललेले वाचनाचे साधन पुन्हा घडविले जाते. दुसरी वाट पुनर्लेखनाची आहे. तिच्यामुळे वाचक पुष्कळ वाढतात. मोडीत मात्र अखंड शिरोरेघेखाली शब्द सलग लिहिलेले असतात. ते तोडून लावताना लिप्यंतरकार पदोपदी निर्णय घेत असतो आणि छापील बाळबोध पाठात त्या निर्णयांचा मागमूस राहत नाही. खेळाच्या पुनर्लेखनातही हेच घडते. सेकंदाला ६० वेळा बदलणारे दृश्य डोळ्याला अधिक सुखावह असेल, पण १९८६ साली खेळणाऱ्याने ते पाहिलेले नव्हते.

याचा अर्थ अनुकरण तेवढे प्रामाणिक आणि पुनर्लेखन तेवढे त्याज्य, असा नव्हे. अनुकरणालाही मूळ पाठ कोणता हे आधी ठरवावे लागते. ‘आउट रन’च्या जपानी व परदेशी आवृत्त्यांत टप्प्यांची मांडणी भिन्न आहे, एकाच आवृत्तीच्या पुढे सुधारलेल्या प्रतीही निघाल्या. मूळ खेळातील मोटार एका प्रसिद्ध इटालियन मोटारीच्या धर्तीवर होती. परवान्याच्या कारणास्तव नंतरच्या काही अधिकृत आवृत्त्यांत तिचे रूप बदलावे लागले. म्हणजे खुद्द प्रकाशकाने दिलेली प्रतही मूळ पाठाशी जुळतेच असे नाही. येथे हस्तलिखितांच्या पाठभेदांचा विचार करण्याची शिस्तच उपयोगी पडते : प्रत कोणती, कोठली, कोणत्या सालची, आणि तिच्यात कोणी काय बदलले, हे प्रथम नोंदविले पाहिजे.

काही प्रसंगी तर मूळ प्रतच स्वतःचा नाश बरोबर घेऊन आलेली असते. १९८९ च्या ‘टर्बो आउट रन’मध्ये आज्ञावली गूढ संकेतात साठविलेली होती आणि तो संकेत उलगडण्याची किल्ली प्रोसेसरबरोबर बसविलेल्या एका लहानशा बॅटरीच्या आधारावर टिकून असे. बॅटरी संपली की यंत्र धडधाकट असूनही खेळ कायमचा मुका होई. अभ्यासूंनी त्या संकेतांचा छडा लावला नसता, तर अशी यंत्रे केवळ रिकामी कपाटे म्हणून उरली असती. दुसऱ्या टोकाला अटारी कंपनीचा १९७४ चा ‘ग्रॅन ट्रॅक १०’ हा शर्यतीचा खेळ आहे. त्यात प्रोसेसर नव्हताच. सर्व वर्तन मंडलांच्या जोडणीतच होते. ज्याला आज्ञावली म्हणून वेगळी काढता येईल अशी संहिताच तेथे नाही. अशा खेळाचे जतन करावयाचे तर प्रत्येक मंडलाचे वर्तन उभे करावे लागते.

संहितेच्या या अभावामुळे विचार साहजिकच सांगलीकडे वळतो. चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला; तोच दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या नाटकांत सूत्रधार पद्ये गाई आणि पात्रे प्रसंगानुरूप उत्स्फूर्त भाषणे करीत. पद्ये पुढे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने ग्रंथरूपास आली, परंतु उत्स्फूर्त भाषणांची संहिता मुळात नव्हतीच. म्हणून पद्ये हाती असूनही तो प्रयोग हाती नाही.

शर्यतीच्या खेळाचीही अशीच एक बाजू कोणत्याही चिपेत साठविलेली नाही. ‘आउट रन’च्या मोठ्या कपाटात खेळणारा आत बसत असे आणि वळणाबरोबर त्याचे आसन हलत असे. काचनळीच्या पडद्याची चमक, चाकाचा हाताला जाणवणारा विरोध, मागे ताटकळत उभे असलेले लोक, या सर्वांचा त्या अनुभवात वाटा होता. यांपैकी नाण्याचा वाटा सर्वांत मोठा होता. घड्याळ संपण्याचा नियम हा केवळ खेळाचा नियम नव्हता. एका नाण्यात यंत्र किती वेळ अडकून पडावे, हा मालकाचा हिशोबही त्यात गुंतलेला होता. आज घरच्या संगणकावर एक कळ दाबली की हवी तितकी नाणी पडतात. आज्ञावलीत एका अक्षराचाही फरक न होता शेवटचे नाणे गमावण्याची भीती निघून जाते, आणि तिच्याबरोबर खेळाच्या रचनेमागील अर्धे कारणही निघून जाते. पूर्णतः अचूक अनुकरणालाही ही उणीव भरून काढता येत नाही.

या विवेचनावरून जतनाच्या तीन पायऱ्या वेगळ्या करता येतात. आज्ञावली व तिच्या चिपांतील माहिती यांची अविकृत प्रत ही पहिली. मूळ यंत्राचे वर्तन स्पष्ट करणारे वर्णन, मग ते अनुकरणाच्या रूपाने असो वा लेखी, ही दुसरी. खेळ कोठे, कोणत्या मोलाने आणि कोणत्या वातावरणात खेळला जाई याची साक्ष ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांवर जगभरच्या हौशी अभ्यासकांनी मोठे काम केले आहे. त्यांच्यापुढील मुख्य अडसर तांत्रिक नसून हक्कांचा आहे. भारतातही १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यामुळे यंत्र बाजारातून नाहीसे झाले तरी आज्ञावलीवरील हक्क त्याबरोबर संपत नाही.

तिसरी पायरी मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचीच आहे. १९८० व १९९० च्या दशकांत असे खेळ नाणे टाकून खेळलेली पिढी आज मध्यमवयीन आहे. तिला विचारले तर ती सांगू शकेल. भाव्यांच्या पात्रांची उत्स्फूर्त भाषणे टिपून ठेवण्याची सोय त्या काळी नव्हती. आज ती सोय आहे. मोडी कागद वाचकाची वाट पाहत शंभर वर्षे दप्तरात पडून राहू शकतो. माणसांच्या आठवणींना तितका अवधी नसतो.