कुमसाराची नोंद कुठे सापडते?

मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यातल्या कॅथलिक घरांत पापकबुलीला ‘कुमसार’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजमधून कोकणीत आला आणि गोव्यातून उत्तरेला सरकलेल्या कुटुंबांबरोबर या किनाऱ्यावर पोचला. कुमसारात तीन गोष्टी एकामागून एक येतात: आपल्या कृत्याचा जाब देणं, न कमावता मिळणारी क्षमा म्हणजे कृपा, आणि शेवटी शांती. आता प्रश्न असा, की यातलं कागदावर काय उरतं?

आधी नियम बघू. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं ठरवलं, की प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसानं वर्षातून निदान एकदा कुमसार करावा. त्याच नियमात पुढे असंही आहे, की ऐकलेलं पाप पाद्रीनं बाहेर फोडलं तर त्याचं पद जाईल आणि त्याला जन्मभर मठात प्रायश्चित्त करावं लागेल. म्हणजे सक्ती आणि गुप्तता एकाच कलमातली. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं प्रत्येक पॅरिशला पाच वह्या ठेवायला सांगितल्या. त्यातली एक घरोघरच्या माणसांची होती. पोर्तुगीज मुलखात तर उपवासकाळात कोणी कुमसार केला याच्याही याद्या होत. थोडक्यात, माणसाचं नाव उरतं, पाप उरत नाही. ही पोकळी कागद हरवल्यामुळे पडलेली नाही, ती मुद्दाम राखलेली आहे.

याच्या अगदी उलट कारभार गोव्याच्या इन्क्विझिशनचा. १५६० ते १८१२, मधली १७७४ ते १७७८ ही वर्षं सोडून, ते चाललं. इथे लेखनिक शेजारी बसून जबानी उतरवून घ्यायचा. बंद झाल्यावर खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट झाले. तरी जुआंव देलगादो फिगेइरा यानं १६२३ मध्ये केलेली सुमारे ३,८०० खटल्यांची सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गंमत म्हणजे इन्क्विझिशनच्या पद्धतीत ‘कृपेचा काळ’ नावाची मुदत असे. मुदतीत स्वतःहून कबूल झाला तर शिक्षा सौम्य, पण इतरांची नावंही सांगावी लागत. कृपा हाच शब्द, पण इथे तिला तारीख आहे आणि किंमतही.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. त्यामुळे बारदेशातल्या माणसानं शापोरा नदी ओलांडली, की इन्क्विझिशनचा हात तिथे पोचत नसे. लोक पलीकडे गेले त्याला एकच कारण नव्हतं. कर, लढाया, रोगराई, जमिनीची ओढ हे सगळं होतंच. तरी एक गोष्ट विचार करायला लावते. धर्म सोडायलाच निघाले असते, तर नदीपलीकडे तो सोडणं सोपं होतं. पण अनेक घरांनी तो टिकवला, आणि कुमसारही टिकला.

माझ्या मते या किनाऱ्याच्या ख्रिस्ती इतिहासाचा गाभा इथे आहे. जाब देणं या लोकांना नको नव्हतं. लेखनिकासमोरचा, दुसऱ्याचं नाव घ्यायला लावणारा जाब नको होता. पाद्रीच्या कानात दिलेला चालत होता, कारण तो तिथेच संपायचा. शेवटी ‘शांतीने जा’ हे ऐकून माणूस घरी जायचा, आणि त्या शांतीची नोंद कोणी ठेवत नसे.

संशोधनाला लागणाऱ्यांसाठी दोन सूचना. एक, कॅटलॉगमध्ये नुसतं ‘सिंधुदुर्ग’ शोधू नका. जिल्हा रत्नागिरीतून १९८१ मध्ये वेगळा झाला, आणि सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून २००५ मध्ये. त्यामुळे जुन्या कागदांसाठी गोवा, रत्नागिरी, सावंतवाडी ही नावं लावून बघा. दोन, कागद हातात आला की आधी विचारा: हा कोणी लिहिला, कोणाला दाखवायला, आणि यात काय लिहायला मनाई होती? कुमसाराच्या यादीत नाव आहे म्हणून माणूस श्रद्धाळू ठरत नाही, आणि खटल्यात नाव आहे म्हणून पाखंडीही ठरत नाही. जाब विचारणाऱ्यांनी भरपूर लिहून ठेवलं. क्षमा मिळालेल्यांनी बहुधा काहीच लिहिलं नाही. प्रबंध लिहिताना पहिल्यांचा आवाज मोठा आहे, एवढं लक्षात असू द्या.