प्राथमिक व दुय्यम डीएनएस सर्व्हर

एखाद्या डोमेनच्या नोंदी जगाला अधिकृतपणे सांगणारे सर्व्हर. पॉल मॉकापेट्रिस यांनी लिहिलेली डीएनएसची पायाभूत मानके (आरएफसी १०३४ व १०३५) नोव्हेंबर १९८७ची आहेत. प्रत्येक झोनला, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या संचाला, एकाहून अधिक सर्व्हर हवेत, ही अट त्यांतलीच. भारताच्या ‘डॉट इन’चा कारभार २००५ मध्ये निक्सी या संस्थेकडे जाण्यापूर्वी मुंबईची एनसीएसटी ही संस्था पाहत असे. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळते.

हिंगोली जिल्ह्यातील हट्टा या गावासाठी ‘हट्टा.भारत’ हे डोमेन घेतले, असे उदाहरणापुरते धरू. वाचणाऱ्याला नाव देवनागरीत दिसले, तरी झोन फाइलमध्ये ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन रूपातच लिहावे लागते. ही फाइल प्राथमिक सर्व्हरवर राहते आणि बदल फक्त तिथेच करायचे. दुय्यम सर्व्हर तिची प्रत ओढून घेतो. बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी प्राथमिकवर फक्त दुय्यमच्या पत्त्याला प्रत घेण्याची परवानगी द्यावी, शक्यतो ओळख पटवणाऱ्या टीसिग किल्लीसह. सर्वांनाच मोकळीक राहिली, तर सगळा झोन कुणीही उतरवून नेईल. पोर्ट ५३ यूडीपीप्रमाणेच टीसीपीवरही उघडे हवे, कारण प्रत टीसीपीवरून जाते.

प्रत जुनी झाली की नाही, हे झोन फाइलमधल्या एसओए नोंदीतल्या अनुक्रमांकावरून ठरते. फाइल बदलली पण आकडा वाढवला नाही, तर दुय्यम जुनीच उत्तरे देत राहतो. घोळ बहुधा इथेच होतो. दुसरा नेहमीचा घोळ पूर्ण नावाच्या शेवटच्या टिंबाचा: ते राहिले, तर सर्व्हर त्या नावाला डोमेनचे शेपूट पुन्हा जोडतो.

दुय्यम म्हणजे प्राथमिक पडेपर्यंत स्वस्थ बसणारा राखीव गडी, हा समज चुकीचा आहे. बाहेरच्या जगाला दोघे सारखेच; प्रश्न कोणाकडेही जातो. म्हणून दोघांची उत्तरे कायम जुळायला हवीत आणि दोघांच्या जागा वेगळ्या हव्यात. आरएफसी २१८२ (१९९७) हेच सांगते. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही डीएनएस सर्व्हर एकाच जाळ्यामागे होते. राउटरच्या मांडणीतल्या एका चुकीने कंपनीची संकेतस्थळे जवळजवळ दिवसभर दिसेनाशी झाली. हट्टा येथे एकाच खोलीत, एकाच फीडरवर आणि एकाच फायबरवर दोन यंत्रे ठेवणे म्हणजे एकच सर्व्हर ठेवणे. एक गावात ठेवला, तर दुसरा पुणे-मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, दुसऱ्या सेवादात्याच्या जोडणीवर असावा. छोट्या डोमेनने दोन्ही बाहेरच ठेवणे अधिक शहाणपणाचे.

शेवटी दोन्ही सर्व्हरची नावे रजिस्ट्रारकडे नोंदवावी लागतात. ती नावे त्याच डोमेनमधली असतील, तर त्यांचे आयपी पत्तेही ग्लू नोंद म्हणून द्यावे लागतात. नंतर ‘डिग’ या आज्ञेने दोघांना एसओए विचारावे; अनुक्रमांक सारखा आला, तरच काम झाले असे समजावे.