तुडतुडा, रानकोंबडा आणि ट्राउट

पोळ्याच्या सुमारास तिवसा तालुक्यातील पऱ्हाटीच्या शेतात शेतकरी पाने उलटून पाहताना दिसतो. पानाच्या खालच्या अंगाला पोपटी रंगाचा, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा किडा असतो. धक्का लागताच तो तिरका चालतो आणि क्षणात उडी घेतो. हा तुडतुडा. तो पानातला रस शोषतो. मग पानाच्या कडा वळतात, पिवळ्या पडतात आणि पुढे लाल होतात. वऱ्हाडात त्याची ओळख एवढीच : फवारणीचे निमित्त.

याच किड्याच्या कुळाने विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील ट्राउट मासेमारीला नवी दिशा दिली. त्यासाठी जे पीस लागले, ते होते भारतातील रानकोंबड्याच्या मानेवरचे. आजचा धागा या दोघांच्या भेटीविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्याचा मासा. पाण्याचे तापमान विशीच्या वर गेले की तो अस्वस्थ होऊ लागतो. म्हणून इंग्रजांनी तो भारतात आणला तेव्हा काश्मीर आणि निलगिरीच्या पाण्यात रुजला. वर्धा किंवा पूर्णा नदीत रुजण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचे बरेचसे अन्न म्हणजे पाण्यातले आणि पाण्यावर पडणारे किडे. इतका नाजूक किडा गळाला टोचणे अवघड, म्हणून गळावर पिसे, लोकर आणि रेशीम बांधून किड्याची प्रतिकृती करण्याची कला निर्माण झाली. इंग्रजीत तिला सरसकट ‘फ्लाय’, म्हणजे माशी, म्हणतात. मग ती मुंगीची असो वा नाकतोड्याची. (मासा आणि माशी हे मराठीतले सख्खे शेजारी शब्द मुळात निराळे आहेत : एक ‘मत्स्य’पासून आला, दुसरा ‘मक्षिका’पासून.)

ही कला जुनी आहे. रोमन लेखक ईलियन याने इ. स. २००च्या आसपास मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसे बांधत. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात महिनावार बारा माश्यांची यादी आहे. कोणत्या महिन्यात कोणता किडा उडतो, त्यावर कोणती माशी बांधायची हे ठरे. आमिषाचा असा विचार दख्खनलाही परका नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, म्हणजे या यादीच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी, ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण येते. गळ टाकून मासे धरणे ही तेथे राजाची क्रीडा आहे आणि माशाच्या जातीनुसार त्याच्या खाद्याचा विचार केलेला आहे. त्यात पिसांची माशी नाही. पण मासा काय खातो ते आधी ओळखावे, हे मूळ सूत्र तेच.

महिनावार यादीची खरी अडचण होते ती उन्हाळा सरताना. युरोप-अमेरिकेत ऑगस्ट म्हणजे कमी पाण्याचा महिना. आपल्याकडे त्याच दिवसांत वर्धा गढूळ होऊन दुथडी वाहत असते. तिकडे ओढे आटलेले आणि काचेसारखे स्वच्छ असतात. वसंतात पाण्यातून उठणारे किड्यांचे थवे विरळ झालेले असतात. तरीही ट्राउट पृष्ठभागावर सतत काहीतरी टिपत असतो, आणि काठावरच्या माणसाला तेथे काहीच दिसत नाही.

पेनसिल्व्हेनियात अॅपलाचियन डोंगररांगांमधील खोऱ्यात, कार्लाइल गावाजवळ, लेटॉर्ट नावाचा झऱ्याच्या पाण्याचा ओढा आहे. तेथे व्हिन्सेंट मारिनारो आणि त्याचा मित्र चार्ल्स फॉक्स यांना हेच कोडे पडले. मारिनारोने अखेर काठावर पालथे पडून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून पाहिले. पृष्ठभागावरून बारीक मुंग्या, भुंगेरे आणि तुडतुडे वाहत चालले होते. हे किडे पाण्यातले नव्हतेच. काठच्या गवतातून ते पाण्यात पडत होते. तिथल्या तुडतुड्यांच्या जाती कपाशीवरच्या तुडतुड्याहून वेगळ्या, कुळ मात्र एकच.

पुढचा प्रश्न त्याहून कठीण होता. एवढासा किडा बांधायचा कशाने? मारिनारोचे निरीक्षण असे की मासा खालून पाहतो. प्रकाशासमोर त्याला किड्याची जाडी कळत नाही, दिसतो तो केवळ बाह्याकार. म्हणून त्याने अगदी लहान गळावर धागा आणि पिसाचे तंतू गुंडाळले, ते वरखाली छाटले आणि वर एकच चपटे पीस आडवे ठेवले. तुडतुड्यांच्या कुळाचे जुने शास्त्रीय नाव ‘जॅसिडी’. त्यावरून या माशीला ‘जॅसिड’ म्हणू लागले. १९५०च्या त्याच्या पुस्तकाने ती सर्वांपुढे आली. सरत्या उन्हाळ्यासाठी माशी निवडताना नदीइतकेच काठाच्या गवताकडेही पाहायचे, हा धडा त्या पुस्तकातून अनेकांनी घेतला.

ते चपटे पीस राखी रानकोंबड्याचे. सह्याद्रीपासून मेळघाटापर्यंत पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच हा पक्षी. फ्रेंच प्रवासी सोनेरा याच्या स्मरणार्थ त्याचे शास्त्रीय नाव ठेवले गेले. नराच्या मानेवरील अरुंद, काळपट पिसांवर पांढरे-पिवळे, मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. जणू पिसावर लाखेचा थेंब पडून गोठला आहे. (आपल्या पाळीव कोंबडीची पिवळी कातडीही या रानकोंबड्याकडून आलेली आहे, हे २००८ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आले.)

इंग्रजांना हे पीस मारिनारोच्या फार आधीपासून ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधली गेलेली सामन माशासाठीची प्रसिद्ध माशी ‘जॉक स्कॉट’ हिच्या दोन्ही बाजूंना ते असते. ती बांधणारा जॉक स्कॉट हा एका लॉर्डच्या पदरी असलेला सेवक. माशीमुळे त्याचे नाव अजरामर झाले. भारतातल्या जंगलात फास लावून ते पीस मिळवणाऱ्याच्या वाट्याला तसे काही आले नाही. माशी बांधणाऱ्यांच्या भाषेत ते केवळ ‘जंगल कॉक’ राहिले. १८५३ नंतरच्या वऱ्हाडाचा आर्थिक इतिहास कापसाच्या गाठींनी भरलेला आहे आणि ते योग्यही आहे; पण साम्राज्याची भूक गाठींपुरती नव्हती, ती एका पक्ष्याच्या मानेपर्यंत पोहोचली होती.

युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी चाललेल्या पिसांच्या बेसुमार व्यापारामुळे १९०२ साली भारत सरकारने रानपक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यावर बंदी घातली. चोरटी निर्यात मात्र चालू राहिली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण मिळाले. परदेशात आता पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांची पिसे विकली जातात, किंवा साध्या पिसावर रंगाचा ठिपका देऊन काम भागवले जाते.

जॅसिड वापरण्याचे दिवस आणि रानकोंबड्याचे वर्ष यांचाही मेळ बसत नाही. पावसाळ्यात नराची मानेवरची ठिपक्यांची पिसे गळतात आणि तेथे आखूड, काळपट पिसे येतात. तिवशाच्या पऱ्हाटीवर तुडतुडे वाढत असतात, त्याच दिवसांत मेळघाटातल्या रानकोंबड्याच्या मानेवर ते पीस नसते.